सव्वा किलो आल्प्स

स्वित्झर्लंडच्या सहलीची पहिली गंभीर बैठक डोंबिवलीत बसली. विषय आल्प्स नव्हता, तूप होता.

साडेतीन वर्षांच्या नातीसाठी आजींनी अर्धा किलो साजूक तूप कढवून, बरणीत भरून, वर दादरा बांधून ठेवलं होतं. बाबांनी मोबाइलवर नियम वाचून दाखवला: युरोपाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुग्धजन्य पदार्थ स्वित्झर्लंडमध्ये नेता येत नाहीत. आजींना नियम मान्य होता. त्याचा तुपाशी काय संबंध, हे मान्य नव्हतं. "दुधाची साय, सायीचं दही, दह्याचं लोणी, लोण्याचं तूप. म्हणजे तूप हे दुधाचं खापरपणतू लागलं. इतक्या लांबचं नातं कोण बघतंय?"

"आई, तिथले कस्टमवाले बघतात," बाबा म्हणाले.

मग बेसनाच्या लाडवांचं काय, असा उपप्रश्न निघाला. त्यात तूप आहे, पण दिसत नाही. यावर नियमात काही सापडेना, म्हणून लाडू घरीच खाऊन संपवायचं ठरलं आणि ते विमानाच्या आधी चार दिवस संपलेही. बॅगेत गेलं ते मेतकूट, मूगडाळ, तांदूळ आणि दोन लिटरचा कुकर. ज्या देशाचं चीज आणि चॉकलेट जगभर खपतं, त्या देशाकडे हे कुटुंब कोरडा भात खायच्या तयारीने निघालं.

त्याआधी व्हिसा झाला होता. शेंगेन व्हिसाला सहा वर्षांखालच्या मुलांना शुल्क लागत नाही आणि बारा वर्षांखालच्यांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत. हे कळल्यावर बाबांनी कन्येकडे फार दिवसांनी शुद्ध कौतुकाने पाहिलं. पण फोटो सगळ्यांना लागतो, आणि त्यात चेहरा निर्विकार हवा. जन्मल्यापासून जिला कॅमेऱ्यासमोर "हस गं बाळा, हस" म्हणून पिडलं, तिला आज चार माणसं "हसू नकोस" म्हणून दरडावत होती. तिने दोन्ही टाळलं आणि भोकाड पसरलं. शेवटी जो फोटो निघाला, त्यात व्हिसा आधीच नाकारला गेल्यासारखा चेहरा होता.

झुरिकच्या विमानतळाखालीच रेल्वे स्टेशन आहे. तिथून बर्नकडे जाणाऱ्या दुमजली गाडीत एक डबा कुटुंबांसाठी असतो आणि त्याच्या वरच्या मजल्यावर चक्क खेळायची जागा असते. जंगलाची चित्रं, चढायला जागा आणि घसरगुंडी. धावत्या गाडीत घसरगुंडी! बाबा रोज डोंबिवलीहून लोकलने जाणारे. एवढ्या जागेत आपल्याकडे तीस माणसं उभी राहतात आणि त्यातली दोन चौथी सीट मागतात, हा हिशेब त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होता. कन्येने सव्वा तासात ती घसरगुंडी साठेक वेळा केली. खिडकीबाहेर हिरवी कुरणं, लाल कौलं, तळी असं सगळं कॅलेंडर सरकत होतं. त्याकडे आई-बाबा बघत होते आणि कन्येचं बूड कधी आपटतं, याकडे आजी.

बर्नला उतरायची वेळ आली तेव्हा रडारड झाली. तिच्या दृष्टीने स्वित्झर्लंड येऊन गेलं होतं. आता पुढे कुठे चाललो आहोत?

पुढे लाउटरब्रुनेन होतं. इंटरलाकेनहून वीस मिनिटांची छोटी गाडी, आणि तिचीही एक खोड: त्स्वायल्युचिनेन नावाच्या स्टेशनात ती मधोमध तुटते. अर्धी लाउटरब्रुनेनला जाते, अर्धी ग्रिंडेलवाल्डला. आपण कुठल्या अर्ध्यात बसलो आहोत, याची खातरजमा बाबांनी तीनदा केली. तिसऱ्यांदा करायला ते खाली फलाटावर उतरले, तेव्हा आजींनी त्यांना नाव घेऊन, डोंबिवलीच्या आवाजात वर बोलावलं. अख्खी गाडी वळून बघू लागली. कन्येला अभिमान वाटला.

लाउटरब्रुनेनची दरी हिमनदीने कोरलेली आहे. तळ सपाट, दोन्ही बाजूंना सरळसोट उभे कडे, इंग्रजी 'यू' अक्षरासारखा आकार. या कड्यांवरून ७२ धबधबे पडतात असं सांगतात. गावाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर. हा आकडा बाबांनी मोठ्याने वाचला आणि चूक केली, कारण आजींना माथेरानची उंची माहीत होती. "म्हणजे माथेरानच की रे! तिथे तर नेरळहून गाडी आहे." वरच्या वेंगेन गावात पेट्रोलच्या गाड्यांना बंदी आहे आणि तिथे १८९३ पासून दातेरी रुळांची छोटी रेल्वे जाते, ही माहिती आईने दिली. माथेरानलाही गाड्यांना बंदी आणि १९०७ पासून छोटी रेल्वे. आजी काही बोलल्या नाहीत. नुसतं बघितलं. या बघण्याचा दर माणशी काही लाख रुपये पडला होता.

गावाला अगदी लागून स्टाउबबाख धबधबा आहे. २९७ मीटर उंचीवरून पडतो, आणि पडता पडता त्याच्या पाण्याचे तुषार होतात, वाऱ्यावर धुळीसारखे उडतात. 'स्टाउब' म्हणजे जर्मनमध्ये धूळच. १७७९ मध्ये इथे गटे आला आणि त्याला या पाण्यावरून माणसाच्या आत्म्याविषयी कविता सुचली. १८१६ मध्ये बायरन आला. त्याला वाऱ्यावर उडणारी पांढऱ्या घोड्याची शेपटी दिसली. १९११ च्या उन्हाळ्यात टोल्किन नावाचा एकोणीस वर्षांचा तरुण पाठीवर पिशवी टाकून या दरीतून चालत गेला; पुढे त्याच्या कादंबऱ्यांत आलेल्या रिव्हेंडेलच्या दरीत हीच दरी दिसते असं त्याचे वाचक मानतात.

या परंपरेत पुढची पाळी डोंबिवलीच्या कन्येची होती. तिने मान मागे टाकून वर पाहिलं, दोन्ही हातांचा कर्णा केला आणि ओरडली, "काका, टाकी भरली! पंप बंद करा!"

सोसायटीच्या गच्चीवरून पडणारं पाणी तिने दर आठवड्याला पाहिलेलं होतं. इथले काका मात्र गटेच्याही आधीपासून झोपले होते.

झोपेचं कन्येशी वेगळंच काही चाललं होतं. उन्हाळ्यात स्वित्झर्लंडचं घड्याळ भारताच्या साडेतीन तास मागे असतं. डोंबिवलीत ती सकाळी साडेसहाला उठायची. इथे पहाटे तीनला टक्क जागी. घर लाकडी, भिंती पातळ, आणि रात्री दहानंतर शांतता पाळायची, ही त्या देशाची जवळजवळ राष्ट्रीय श्रद्धा. त्यामुळे पहाटे तीन ते सहा तिघं मोठे जण कुजबुजत्या आवाजात घोडा घोडा खेळत. घोड्याला खिंकाळायचीसुद्धा मुभा नव्हती. संध्याकाळी उलटा पेच. जूनमध्ये सूर्य सव्वानऊनंतर मावळतो आणि उजेड दहापर्यंत रेंगाळतो. "झोप आता, रात्र झाली," म्हटलं की ती पडद्याकडे बोट दाखवी. साडेतीन वर्षांच्या मुलीशी आणि सूर्याशी एकाच वेळी खोटं बोलणं कोणालाही जमत नाही.

दिवस मात्र तिथल्या पाट्यांवर चालतात. स्वित्झर्लंडमध्ये पायवाटांचं सुमारे ६५,००० किलोमीटरचं जाळं आहे, आणि त्यावरच्या पिवळ्या पाट्यांवर अंतर नसतं, वेळ असते. सपाटीवर तासाला सुमारे ४.२ किलोमीटर चालणारा माणूस त्यांनी धरलेला असतो. ट्रुमेलबाखच्या धबधब्याकडे जायला पाऊण तास, असं पाटीने सांगितलं. कुटुंबाला दोन तास चाळीस मिनिटं लागली.

यात आळस कुणाचाच नव्हता. वाटेत एक गोगलगाय होती, तीही बिनशंखाची, आणि तिचं घर कुठे गेलं याचा तपास लागेपर्यंत पुढे जाणं बरं दिसलं नसतं. मग गायी होत्या. आल्प्समधल्या गायींच्या गळ्यात घंटा असतात आणि त्या चरताना पूर्ण कुरण वाजत असतं. आजींना त्यात देवळाचा भास झाला आणि त्यांनी चप्पल काढू की नको, असा क्षणभर विचार केला. पण सगळ्यात जास्त वेळ खाल्ला नदीने. वाटेशेजारून वाइसे ल्युचिने, म्हणजे 'पांढरी ल्युचिने', वाहते. तिचं पाणी तांदळाच्या धुवणासारखं दिसतं, कारण वर हिमनद्या खडक दळत असतात आणि ते पीठ पाण्याबरोबर खाली येतं. पीठ ज्यांचं व्हायचं राहिलं, ते गोटे काठावर पडलेले असतात. करडे, काळे, पांढऱ्या रेघेचे. कन्येने एक उचलला, बाबांच्या खिशात टाकला. मग दुसरा. बाबा या दरीत प्रत्येक वस्तूला शंभराहून जास्तने गुणत आले होते. पाण्याची बाटली, केळं, स्टेशनवरची मुतारी, काहीच सुटलं नव्हतं. या एका गोष्टीला गुणायची गरज पडली नाही. त्यांनी खिसा उघडाच धरला.

ट्रुमेलबाख हे प्रकरण डोंगराच्या पोटात आहे. आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ या तिन्ही शिखरांच्या हिमनद्यांचं पाणी खडक चिरत, दहा धबधब्यांतून आतल्या आत कोसळतं. भर मोसमात सेकंदाला २०,००० लिटरपर्यंत. वर्षाकाठी वीस हजार टनांहून जास्त दगडगोटे ते पाणी खाली आणतं. बोगद्यातल्या लिफ्टने वर जाऊन हे जवळून बघता येतं.

दाराशी पाटी होती: चार वर्षांखालच्या मुलांना सुरक्षेसाठी आत प्रवेश नाही.

आई-बाबांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघांचंही बालपण रेल्वेत आणि एसटीत वय कमी सांगण्यात गेलेलं. आठ वर्षांच्या मुलाने कंडक्टरपुढे पाय मुडपून चार वर्षांचं दिसायचं, हे शिक्षण घरोघरी मिळालेलं. वय वाढवून सांगायची वेळ पिढ्यान्‌पिढ्या कोणावर आली नव्हती. "चार... आता होतीलच," आईने इंग्रजीत सुरुवात केली. काउंटरवरच्या बाईंनी खाली वाकून कन्येकडे हसून पाहिलं. भाषा कळायची गरजच नव्हती. कन्येने तीन बोटं ताठ धरली आणि प्रामाणिकपणाने चौथं अर्धं दुमडून दाखवलं.

आई-बाबा आत गेले. तासाभराने ओलेचिंब, कानठळ्या बसलेले आणि थोडे अपराधी चेहरे करून बाहेर आले, तेव्हा बाहेर आजी आणि नात बसथांब्यावर आनंदात होत्या. त्यांनी दरम्यान पिवळ्या पोस्टबसच्या ड्रायव्हरला खिशात घातलं होतं. या बसला तीन स्वरांचा कर्णा असतो. अरुंद घाटातल्या आंधळ्या वळणांवर समोरच्याला इशारा द्यायचा म्हणून तो बसवलेला, आणि त्याची धून रॉसिनीच्या 'विल्यम टेल' ऑपेराच्या प्रारंभीच्या संगीतातून उचललेली. कन्येने ड्रायव्हरकाकांकडे बघून हात हलवला, त्यांनी तो वाजवला. तिने पुन्हा हलवला. त्यांनी पुन्हा वाजवला. बस सुटायची वेळ झाल्यावर मात्र ते वेळेवर गेले. तो देश शेवटी स्वित्झर्लंडच होता.

पुढचे चार दिवस घरात तेच तीन स्वर. पहाटे तीनलाही.

आजींचं मन मात्र दुसऱ्याच गोष्टीने खाल्लं होतं. रोज सकाळी घरासमोरून पाच-सहा वर्षांची पोरं शाळेत जात. एकटी. पाठीवर दप्तर, गळ्यात गाडीच्या दिव्यात चमकणारा पिवळा-नारिंगी त्रिकोणी पट्टा, आणि मागेपुढे मोठं माणूस कोणी नाही. त्या देशात बालवाडीतल्या मुलांनी पायी आणि आपलं आपण जावं असंच मानतात. आई-बापांनी गाडीने सोडणं शाळांना फारसं आवडत नाही. पहिल्या दिवशी आजींनी कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी त्या दहा पावलं मागे राहून मुलांना शाळेपर्यंत सोडून आल्या. तिसऱ्या दिवशी मुलांनी मागे वळून, तिकडच्या रीतीप्रमाणे, "ग्रुएसेख!" म्हणून नमस्कार केला. आजींनी हात वर करून म्हटलं, "असूदे, असूदे."

सहलीचा मुकुटमणी म्हणजे युंगफ्राउयोख, ३,४५४ मीटर, युरोपातलं सर्वांत उंच रेल्वे स्टेशन. त्याचं तिकीट पूर्ण दराने काढलं तर माणशी दोनशे फ्रँकांच्या वर जातं. म्हणून वर ढग आहेत की नाही, हे आधी बघायचं असतं, आणि त्यासाठी शिखरांवर कॅमेरे लावलेले आहेत. दोन दिवस हे कुटुंब मोबाइलमध्ये डोंगर बघत बसलं होतं. खिडकीत तोच डोंगर उभा होता. त्याच्याकडे पाठ होती.

तिसऱ्या दिवशी आभाळ मोकळं झालं. आयगर आणि म्योंखच्या पोटातून जाणारी ही रेल्वे अडोल्फ गुयेर-त्सेलर या उद्योगपतीने योजली. १८९६ मध्ये काम सुरू झालं, १८९९ मध्ये तो वारला, आणि सोळा वर्षांच्या खटाटोपानंतर १ ऑगस्ट १९१२ रोजी गाडी वर पोचली. कन्या बोगद्यात शिरता शिरता झोपली. सहा वर्षांखालच्यांना तिकीट नसल्यामुळे तिची झोप फुकट होती, एवढंच समाधान. खडकाला खिडक्या पाडलेल्या आइसमेअर स्टेशनात गाडी पाच मिनिटं थांबली, तेव्हा आई-बाबा आळीपाळीने धावत जाऊन हिमनदी बघून आले आणि आजींनी झोपलेल्या मुलीची कानटोपी नीट केली.

वर आल्प्समधली सर्वांत लांब हिमनदी, आलेच, पायाशी पसरलेली होती. हवा विरळ, ऊन डोळ्यांत खुपणारं. कन्येला जाग आली. तिने बर्फाचा लाडू वळला, न्याहाळला आणि विचारलं, "काला खट्टा कुठे आहे?"

प्रश्न अगदीच अस्थानी नव्हता. त्याच इमारतीत 'बॉलिवूड' नावाचं भारतीय उपाहारगृह आहे. पण तिथेही काला खट्टा निघण्याची चिन्हं दिसेनात. आजींना धाप लागली होती, त्या बाकावर टेकून म्हणाल्या, "हे मात्र माथेरान नाही हो." बाबांना तिकिटाचे पैसे वसूल झाल्यासारखे वाटले.

कन्येचे पैसे मेनलिखेनला वसूल झाले. वेंगेनहून केबल कारने वर गेलं की आयगर, म्योंख, युंगफ्राउ एका ओळीत समोर येतात आणि त्यांच्यासमोर मुलांसाठी एक भलीमोठी लाकडी गाय उभी केली आहे. चढा, उतरा, घसरा. आईने त्या दिवशी काढलेल्या एकशे दहा फोटोंत मागे तीन शिखरं आहेत आणि पुढे त्यांच्याकडे पाठ केलेली एक मुलगी आहे. जेवायला तिथल्या गुराख्यांचं पारंपरिक खाणं, एल्प्लरमाग्रोनेन: मॅकरोनी, बटाटा, चीज, साय, आणि सोबत सफरचंदाचा गोड गर. आजींनी वासावरून नापास केलं. कन्येने बशी चाटली.

त्याच संध्याकाळी आजींनी गावातल्या दुकानातून बिनमिठाच्या लोण्याच्या चार वड्या आणल्या आणि भाड्याच्या घरातल्या शेगडीवर कढवायला ठेवल्या. तिथल्या गायींच्या लोण्याचं तूप रवाळ, पिवळंधमक आणि डोंबिवलीच्या तोडीचं झालं. बेरी बाबांनी साखर घालून खाल्ली. वरच्या मजल्यावरचं जर्मन जोडपं वासाने जिन्यात येऊन उभं राहिलं. आजींना त्या स्वयंपाकघरात एकच उणीव जाणवत होती: खलबत्ता. चहाचं आलं त्यांना आठवडाभर काचेच्या ग्लासाच्या बुडाने ठेचावं लागलं.

निघायच्या दिवशी झुरिकला बॅगा काट्यावर चढल्या. मर्यादा २३ किलो. तिसरी बॅग भरली सव्वाचोवीस.

काउंटरसमोर बाजूला बसून बॅग उघडण्यात आली. कुकर, मेतकुटाचा उरलेला डबा, ऑफिससाठी घेतलेली चॉकलेटं, आणि खाली कन्येच्या लोकरी मोज्यांत भरलेले ल्युचिनेचे गोटे. बाबांनी मोजे हातात घेऊन तोलले. बरोबर सव्वा किलो. नवसाचा आकडा. "हे इथेच ठेवूया, सोन्या," आईने सुरुवात केली. कन्येने ओठ काढला. मागे रांग लागली होती. बाबांनी काही न बोलता जाकिटाचे चारही खिसे उघडले.

ट्रुमेलबाखचं पाणी वर्षाला वीस हजार टन डोंगर खाली आणतं. त्यातला सव्वा किलो अशा रीतीने डोंबिवलीकडे निघाला. सुरक्षा तपासणीत जाकीट ट्रेमध्ये गेलं आणि पडद्यासमोरच्या अधिकाऱ्याने पट्टा थांबवला. त्याने एकेक गोटा काढून ट्रेमध्ये ओळीने मांडला आणि हे काय आहे, असं विचारलं.

"आल्प्स," बाबा म्हणाले.

अधिकाऱ्याने ओळीकडे पाहिलं, मग टाचा उंचावून ट्रेत डोकावणाऱ्या कन्येकडे, आणि ट्रे पुढे ढकलला. तिने बोट लावून गोटे मोजले. एकोणीस. पुन्हा मोजले, पुन्हा एकोणीस, आणि हंबरडा फोडला, कारण वीस होते.

विसावा, चपटा, एका बाजूने मुठीत नीट बसणारा, आजींच्या पर्समध्ये निघाला. आलं ठेचायला म्हणून त्यांनी तो नदीवरच बाजूला काढून ठेवला होता.